पाणी आलं आणि मंडळ आटलं

आमच्या मंडळाकडची सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे एक लांबट वही. किराणा दुकानात उधारीला असते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर कुंकवाचं बोट आणि 'श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न'. खाली पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, टँकर कधी आला, लाइन (म्हणजे घरांची ओळ), प्लॉट, बॅरल, सही. एका नोंदीत लिहिलंय, 'प्लॉट 31, लग्न. चार बॅरल जादा. सर्वांची संमती.' दोन पानं पुढं, 'लाइन 4, घर बंद. दोन बॅरल शेजारी भरून ठेवले.' आणि एका पानावर नुसती आडवी रेघ मारून, 'भांडण. टँकर परत.'

हे प्रकरण सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला वसलेल्या आमच्या नगराचं आणि त्याच्या नागरी मंडळाचं आहे. नगराचं नाव देत नाही, कारण त्यातला एक वाद अजून पुरता मिटलेला नाही आणि वादातली माणसं रोज सकाळी एकाच डेअरीवर दूध घेतात. मी मंडळाचा काही वर्षं सचिव होतो. म्हणजे पुढं ज्या चुका सांगतोय त्यांतल्या बऱ्याच माझ्याही आहेत.

रानातलं नगर

सोलापूरची जुनी वस्ती भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाच्या अवतीभवती पेठापेठांत दाटलेली. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि गिरण्यांच्या भोंग्यावर गाव वाढत गेलं. नगरपालिका 1852 ची. तिची महानगरपालिका 1964 मध्ये झाली. तरी कितीतरी वर्षं विजापूर नाका ओलांडला की ज्वारीची रानंच लागायची. असंच एक रान मालकानं प्लॉट पाडून विकलं, त्याचं हे नगर. बिगरशेतीचा आदेश होता, रेखांकन मंजूर होतं, रस्ते कागदावर आखलेले होते आणि मधोमध एक ओपन स्पेस सोडलेली होती. प्रत्यक्षात तिथं होती काळी माती, चार बाभळी आणि एक बुजत आलेली विहीर.

प्लॉट घेणारे कोण? झेडपीचे शिक्षक, एसटीतले, रेल्वेतले, विडी कारखान्यातले दोन मुनीम, चार माग चालवणारे एक पद्मशाली कुटुंब. गिरणी चालू असताना जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, असलेले एक अण्णाही होते, गिरणीतून मिळालेल्या पैशातून त्यांनी आधी प्लॉट घेतला आणि घर पुष्कळ नंतर बांधलं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषा एका लाइनीत. सभा मराठीत व्हायची, भांडण ज्याच्या त्याच्या भाषेत.

पावसाळ्यातली काळी माती ज्यानं पाहिली नाही त्याला हे नगर कळणार नाही. एसटीत कंडक्टर असलेले आमचे काका ड्यूटीचे बूट पिशवीत घालून अनवाणी निघायचे. मेन रोडवरच्या किराणा दुकानासमोर पाय धुवायला दुकानदार एक डबडं भरून ठेवायचा. तिथं बूट चढवायचे आणि मग बस. त्या दुकानाच्या पायरीवर सकाळी सात वाजता सात-आठ जण पाय धूत बसलेले असायचे. मंडळ काढायचं पहिलं बोलणं त्या पायरीवर झालं, असं सगळेच सांगतात. खरं असेल.

1992 मध्ये शहराची हद्द वाढली. मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे, शेळगी, बाळे, केगाव, देगाव अशी आजूबाजूची गावं आणि त्यांच्या शिवारातल्या वसाहती महापालिकेत आल्या. शहराचं क्षेत्र 178.57 चौरस किलोमीटर झालं. आजही सोलापुरात कुणी 'हद्दवाढ भाग' म्हटलं की ऐकणाऱ्याला खड्डे, टँकर आणि डुकरं डोळ्यांपुढं येतात. तीस वर्षं उलटली तरी आम्ही शहरात 'नव्यानं' आलेलेच आहोत. हद्दवाढीआधी ग्रामपंचायत म्हणायची, तुमचं आता शहरात जाणार. हद्दवाढीनंतर नळ, गटार आणि दिवा एकाच वेळी मागणाऱ्या शेकडो वसाहतींच्या रांगेत आम्ही शेवटी उभे राहिलो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढं ती आम्हाला नडली. शेजारची वस्ती गुंठेवारीतली. शेतजमिनीचे गुंठ्या-दीड गुंठ्यांचे तुकडे, नोटरीवर घेतलेले, बिगरशेती वगैरे काही नाही. अशा वस्त्या नियमित करायचा कायदा राज्यानं 2001 मध्ये केला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. आमच्याकडं पहिल्यापासून एक तोरा होता, 'आमचं एनए (म्हणजे बिगरशेती), त्यांचं गुंठेवारी.' दिवे मागायला गेलो तेव्हा त्यांना बरोबर घेतलं नाही. रस्त्याच्या अर्जावर त्यांच्या सह्या नकोत म्हणाले काही जण. पुढं पाण्याची लाइन आली ती दोघांना एकच, आणि आधी त्यांच्यातून येणारी.

टँकरची वही

मंडळाची नोंदणी हद्दवाढीनंतर झाली. सात माणसं लागतात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली दोन्ही नोंदण्या झाल्या. घटना शिक्षकांनी लिहिली. त्यात वृक्षारोपण, वाचनालय, राष्ट्रीय सण, एकोपा, सगळं आहे. पाणी हा शब्द मात्र कुठंच नाही, आणि मंडळानं पहिली कितीतरी वर्षं पाण्याशिवाय दुसरं काही केलं नाही.

टँकर दहा हजार लिटरचा. बॅरल दोनशे लिटरचं. म्हणजे एका टँकरमध्ये पन्नास बॅरल, घराला दोन धरली तर पंचवीस घरं. ऐंशीच्या आसपास प्लॉट, त्यांतले बांधलेले निम्मे, तरी एका टँकरमध्ये भागत नसे. कोणत्या लाइनीपासून सुरुवात करायची हा सगळ्या भांडणांचा उगम. पहिल्या लाइनीपासून दर वेळी सुरू केलं की शेवटची कोरडी. मग ठरलं की आज जिथं टँकर संपला तिथून उद्या सुरू. एवढ्याशा नियमासाठी वही आली. टँकर ओपन स्पेसमध्ये उभा राहायचा, कारण लाइनीत शिरला की मातीत रुतायचा. बायका बॅरल गडगडवत तिथं आणायच्या, भरून हातगाड्यावर न्यायच्या.

आता वहीतल्या सह्या बघा. नोंदणीच्या कागदावर सात पुरुष आहेत. वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नव्वद टक्के सह्या बायकांच्या, काही ठिकाणी अंगठे. रकाने आखणारं अक्षर चौथ्या लाइनीतल्या मावशींचं. त्या सातवी शिकलेल्या, घरी विड्या वळायच्या. तंबाखूचं सूप मांडीवर, शेजारी वही. टँकरचा हॉर्न वाजला की सूप बाजूला. 'प्लॉट 31, लग्न' ही संमती त्यांनीच घरोघरी फिरून घेतली होती. मंडळाच्या प्रोसिडिंग बुकात मात्र त्यांचं नाव एकदाही नाही. तिथं 'अध्यक्षांच्या परवानगीने' सुरू होणारे आणि 'चहापानाने' संपणारे ठराव आहेत. मला विचाराल तर खरं मंडळ वहीत होतं. प्रोसिडिंग बुक म्हणजे त्याची सजावट.

पाणी आलं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उजनीहून थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं आणि मग टप्प्याटप्प्यानं आमच्या बाजूलाही नळ फिरले. सोलापूरच्या पाण्याची गंमत बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. शहराची तीन ठिकाणं: सुमारे 110 किलोमीटरवरचं उजनी धरण, भीमेवरचं टाकळी, आणि 1871 मधला एकरुखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव. उजनीची साठवण 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, त्यांतलं 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे सहज सोडता न येणारं तळाचं पाणी. म्हणून उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये', म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, ही बातमी आमच्याकडं आंब्याच्या भावासारखी रोज वाचतात. टाकळीसाठी धरणातून नदीत पाणी सोडून औजचा बंधारा भरून घ्यायचा, तर वाटेत ऊन पिणार, वाळू पिणार, दोन्ही काठांच्या मोटारी पिणार. सोडलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी यांत जमीन-अस्मानाचं अंतर.

एवढं सगळं करून नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. म्हणून प्रत्येक घरानं काय केलं? हौद बांधला. पोर्चखाली, जिन्याखाली, जागा मिळेल तिथं. ज्याची ऐपत जास्त त्याचा हौद मोठा. नळाला थेट मोटार, हौदातून वरच्या टाकीला दुसरी मोटार. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला पहाटे तीनला यायचा. त्याचा एकच फोन आमच्यातल्या एका मास्तरांच्या घरी: 'मास्तर, सोडलालोय पाणी.' पुढच्या पाच मिनिटांत सगळ्या नगरात मोटारींचा घुमघुमाट. कुणी कुणाला उठवायची गरज नाही, पहिली मोटार वाजली की बाकीचे तिच्या आवाजानं उठतात. शेवटच्या लाइनीत नळातून आधी हवा, मग फुसफुस, मग करंगळीएवढी धार.

वहीच्या नोंदी इथं विरळ होत जातात. आधी रोजच्या, मग आठवड्याच्या, मग फक्त मे महिन्याच्या. शेवटची नोंद साध्या बॉलपेननं आहे, सही नाही.

लोक स्वार्थी झाले असं म्हणणं सोपं आहे आणि आमच्या सभांत ते पुष्कळदा म्हटलं गेलं, बहुतेक वेळा ज्यांच्या घरी सगळ्यात मोठी मोटार होती त्यांच्याकडून. मला ते पटत नाही. टँकर सगळ्यांचा होता म्हणून त्याला नियम लागला आणि नियमाला वही लागली. हौद ज्याचा त्याचा. त्याला वही कशाला? पाणी कमीच होतं, पण कमी पाण्याची वाटणी आता रात्री तीन वाजता मोटारी करत होत्या, आणि मोटारीशी भांडता येत नाही. त्यात आणखी एक झालं. रांगेतून बायका मोकळ्या झाल्या, ते चांगलंच झालं, कुणाचे गुडघे वाचले, कुणाच्या विड्या शंभराने वाढल्या. पण मंडळ खऱ्या अर्थानं चालवणारी माणसंच त्यातून निघून गेली आणि मागं राहिले आम्ही, चहापानवाले.

मग मंडळानं काय केलं? 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, गणपती. एकदा झाडं लावली, त्यांतली दोन कडुनिंबं जगली. दिवा बंद पडला की नगरसेवकाला फोन. 2017 मध्ये शहराचे 26 प्रभाग आणि 102 नगरसेवक झाले, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. फोन कुणाला करायचा हाच प्रश्न. चौघंही म्हणणार, मी सांगतो. 2022 मध्ये मुदत संपून प्रशासक आले तेव्हा तो फोनही थांबला, आणि आमच्या मंडळाकडं तेवढं एकच काम उरलं होतं हे त्या दिवशी लक्षात आलं.

ट्रॅक्टर

एका रविवारी सकाळी ओपन स्पेसवर ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. सोबत मूळ मालकाचा नातू आणि चार मजूर. खड्डे खणायला लागले. पहिल्यांदा पाहिलं ते चौथ्या लाइनीतल्या मावशींनी. वय झालेलं, पण आवाज टँकरच्या काळातला. त्या खड्ड्यात उतरून बसल्या. 'हितनं उठवा आणि मग पुरा खांब.' मजुरांनी फावडी खाली ठेवली. पुढच्या अर्ध्या तासात जमलेला घोळका आमच्या वार्षिक सभेच्या तिप्पट होता.

नातू वाईट माणूस नाही. त्यानं मोबाइलवर डिजिटल सहीचा सातबारा काढला होता, पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर त्याच्या आजोबांचं नाव होतं, प्लॉट विकून उरलेल्या क्षेत्रासह. रस्ते आणि ओपन स्पेस धरूनच ते उरलेलं क्षेत्र होतं. आजोबांनी रान कवडीमोलानं दिलं हे घरात रोज ऐकत तो वाढलेला. कागद सांगतोय माझं, घर सांगतंय आपलं. असं प्रकरण सोलापुरातल्या किती जुन्या रेखांकनांत असेल याचा अंदाज येण्यासाठी आपापल्या नगराचा सातबारा एकदा काढून बघा.

त्या संध्याकाळी सभा झाली. पहिली सूचना काय आली असेल? 'मारुतीचं देऊळ बांधून टाका, कुणी हात लावणार नाही.' टाळ्याही पडल्या. दुसऱ्या लाइनीतला एक मुलगा वकिली शिकत होता. त्यानं उभं राहून सांगितलं की सार्वजनिक जागेवर नव्यानं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2009 पासून आहे. जागा आपली म्हणून भांडायचं आणि पहिलं अतिक्रमण आपणच करायचं का? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जॉबर अण्णा म्हणाले, मारुती आपल्या घरातच बरा आहे. तरीही दोन दिवसांनी तिथं एक शेंदूर लावलेला दगड आलाच. कुणी ठेवला ते सगळ्यांना माहीत आहे आणि अजून कुणी बोललेलं नाही.

कागद जमवायचं काम सुरू झालं ते खूप उशिरा, पण नीट झालं. बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकनाची नक्कल दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर मागवली. रेखांकनात ओपन स्पेस हिरव्या रंगात, आदेशातल्या अटीत ती प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठी राखलेली. सगळ्यांची जुनी खरेदीखतं काढली. निम्म्या खतांत 'रस्ते व खुल्या जागेच्या सामाईक हक्कासह' असं वाक्य होतं, निम्म्यांत नव्हतं. त्या काळच्या दस्तलेखकाची मर्जी. मोजणीचा अर्ज भरायचा, सातबाऱ्यावर नोंद लावून घ्यायचा अर्ज करायचा. अर्जदार कोण? मंडळ.

आणि मंडळ कोण, हे बघायला आम्ही न्यास नोंदणीचा उतारा काढला. विश्वस्तांच्या यादीत पहिले सातच जण होते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, कलम 22. आमच्या इतक्या निवडणुका झाल्या, हार-तुरे झाले, मी स्वतः सचिव झालो, आणि एकदाही बदल अर्ज गेला नव्हता. कागदोपत्री मंडळात सात माणसं. चार वारलेली, एक मुलाकडं पुण्यात, एकांना आता ओळख लागत नाही, आणि सातवे कंडक्टर काका. मी सचिव म्हणून केलेल्या सह्यांना कायद्यात काडीचा अर्थ नव्हता.

उशीर माफ करण्याच्या विनंतीसह सगळे बदल अर्ज मागाहून भरले. मृत्यूचे दाखले घरोघरी मागायला जाणं ही माझ्या वाटची शिक्षा होती. एका घरात म्हाताऱ्या काकूंनी दाखला देताना विचारलं, 'ते अजून तुमच्या मंडळात आहेत होय?'

वही इथं पुन्हा निघाली. ती मावशींच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात होती. तिच्यात पानोपानी 'टँकर ओपन स्पेसवर' अशी नोंद, तारखेसह, सह्यांसह, वर्षानुवर्षं. ही जागा पहिल्यापासून सगळ्यांच्या वापरात आहे हे दाखवायला यापेक्षा दुसरं आमच्याकडं काहीच नव्हतं. कायद्याच्या तराजूत तिचं वजन किती ते वकील सांगतील. नातवावर झालेला परिणाम मात्र मी पाहिला. तो वही चाळत गेला आणि एका पानावर थांबला. तिथं त्याच्या आजीची सही होती. टँकरच्या काळात त्यांचं घरही शेवटच्या लाइनीतच होतं. त्या घरालाही दोन बॅरलच मिळायची.

खांब त्यानं काढून नेले. लेखी मात्र काही दिलं नाही, आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यावरचा हक्क सोडलेला नाही. मोजणी झाली. सातबाऱ्यावर प्लॉटधारकांच्या सामाईक हक्काची नोंद व्हावी म्हणून केलेला अर्ज चालू आहे. गुंठेवारीतल्या शेजाऱ्यांपैकी चाळीसेक जणांनी आमच्या अर्जावर पाठिंब्याच्या सह्या दिल्या, आम्ही मागायला गेलो तेव्हा कुणी जुनं काढलं नाही. त्यांची मुलं त्या मैदानावरच क्रिकेट खेळतात, तेवढं कारण त्यांना पुरेसं होतं.

नव्या कार्यकारिणीत पाच बायका आहेत. बदल अर्ज या वेळी वेळेत गेला, पोच फाइलला लावलेली आहे. सचिव मावशींची सून. तिनं पहिल्याच सभेत शेवटच्या लाइनीच्या नळाचा विषय काढला. मोटारी बंद करा असं कुणाला सांगितलं तर ऐकणार नाही, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, आधी नुसतं लिहून बघू. दोनशे पानी नवी वही आणली, रकाने पट्टीनं आखले. पहिल्या पानावरची नोंद अशी आहे: 'पाणी सोडले 3.10. बंद 4.25. लाइन 1, पूर्ण वेळ. लाइन 4, 20 मिनिटे, धार बारीक.' खाली दोन सह्या, आणि एक अंगठा.